अ‍ॅम्प न लावता घरी बास रेकॉर्ड केला, त्याची हकीकत

जून २०२४ मध्ये एका संगीतकार मित्राचा फोन आला. त्याने मराठी कवितांना चाली लावून चार गाणी केली होती. तबला आणि कीबोर्ड वाजवून झाले होते, आता बास (खालच्या सुरांची गिटार) हवा होता. "घरून वाजवून पाठवशील का? स्टुडिओचे पैसे गायकांवरच संपणार आहेत," तो म्हणाला. मी नोकरी सांभाळून बास वाजवते, बहुतेक स्टेजवर आणि बहुतेक दुसऱ्यांच्या अ‍ॅम्पमधून (वाद्याचा आवाज मोठा करणारं यंत्र). स्टुडिओतही वाजवलं आहे, पण तिथे केबल लावून देणारा, लेव्हल बघणारा, "ताई, परत एकदा घेऊ" म्हणणारा माणूस असतो. घरी ते सगळं आपणच करायचं असतं. हो म्हटलं आणि मग दोन दिवस पोटात गोळा.

पुण्यात आमच्या भागात इंजिनीअरसह स्टुडिओ तेव्हा तासाला आठशे ते हजार रुपये घ्यायचा. चार गाण्यांचं निवांत काम करायचं म्हटलं तर मित्र मला जे मानधन देणार होता ते तिथेच गेलं असतं. घरी माझा सरावाचा छोटा अ‍ॅम्प आहे. तो लावून समोर माइक ठेवायचा हा पर्याय मी पहिल्याच दिवशी सोडला, त्याची दोन कारणं. एक म्हणजे सोसायटी. निवासी भागात आवाजाची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे, आणि आमच्या सेक्रेटरींना हे आकडे पाठ आहेत. दुसरं कारण खोलीचं. बासच्या सगळ्यात जाड तारेचा मोकळा (बोट न दाबता वाजवलेला) 'ई' सूर साधारण ४१ हर्ट्झचा असतो. हवेत त्याची एक लहर आठ मीटरहून लांब भरते. माझी खोली दहा बाय बारा फुटांची. एवढ्या खोलीत काही सूर भिंतींवर आपटून फुगतात, तर काही जागच्या जागी मरतात. माइक तेच पकडतो. मग ए मोठा, सी गायब, आणि ते नंतर कुठल्याच इक्वलायझरने नीट होत नाही. म्हणजे शेजारी बहिरे असते तरी या खोलीत मी अ‍ॅम्प लावला नसता.

उरला मार्ग थेट जोडणीचा, ज्याला आपल्याकडे सगळे नुसतं 'डीआय' म्हणतात. बासची केबल अ‍ॅम्पऐवजी सरळ रेकॉर्डिंगच्या यंत्रात. ही काटकसरीची तडजोड आहे असं मला अनेकांनी ऐकवलं. पण १९६० च्या दशकात डेट्रॉइटमध्ये मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत बासवादक जेम्स जेमरसन आपला प्रिसिजन (बासचं एक मॉडेल) थेट जोडूनच वाजवायचा, आणि ते बास आजही लोक एकेक सूर उतरवून शिकतात. गिटारला हे तितकंसं लागू नाही, त्याबद्दल पुढे येईलच. बासला मात्र थेट जोडणी पहिल्यापासून मानवलेली आहे.

जूनच्या अखेरीस खरेदी. दोन इनपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (वाद्याचा सिग्नल संगणकात नेणारं यंत्र) बिलासह साडेतेरा हजारांना मिळाला. वापरलेला आठ हजारांत मिळत होता, पण त्याला वॉरंटी नव्हती, आणि सोबतच्या सॉफ्टवेअरची नोंदणी आधीच्या मालकाच्या नावावर झालेली होती. बिल जपून ठेवा, सीरियल नंबरचा फोटो काढा आणि घरी आल्याबरोबर कंपनीच्या संकेतस्थळावर नोंदणी करा. वॉरंटी आणि फुकट प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायचे आवाजाचे छोटे प्रोग्राम) दोन्ही त्यावरच मिळतात.

विकत घेताना एकच गोष्ट हट्टाने बघा: इनपुटवर 'इन्स्ट' किंवा 'हाय-झी' असं बटण आहे का. साध्या, बॅटरी नसलेल्या बासच्या पिकअपला (तारांची थरथर विजेत बदलणारा भाग) पुढे निदान एक मेगाओहमच्या आसपासचा इनपुट लागतो. नेहमीचा लाइन इनपुट त्यामानाने फारच कमी रोधाचा असतो, आणि तो पिकअपमधून इतका प्रवाह ओढतो की वरचे स्वर बोथट होतात. मी मुद्दाम एकच ओळ बटण दाबून आणि न दाबता वाजवून पाहिली. बटणाशिवाय आवाज लहान आणि घोंगडी पांघरल्यासारखा. बटण दाबल्यावर बोट तारेवरून सुटतानाची टिचकीसुद्धा ऐकू आली. इंटरफेसवर हे बटण असेल तर वेगळा डीआय बॉक्स (बासचा सिग्नल माइकच्या इनपुटला जुळवून देणारी छोटी पेटी) घ्यायची गरज नाही. तो लागतो स्टेजवर, जिथून मिक्सरपर्यंत लांब केबल न्यायची असते, किंवा ज्याच्याकडे फक्त माइकचे इनपुट आहेत त्याला. दुकानदार मला साडेतीन हजारांचा बॉक्स सोबत देऊ पाहत होता, मी घेतला नाही आणि कुठे अडलंही नाही.

केबल मात्र नवी घेतली, तीन मीटरची, सातशे रुपये. केबल जितकी लांब तितकी तिची कपॅसिटन्स वाढते आणि वरचे स्वर थोडे थोडे गळतात, त्यामुळे घरात सहा मीटरची केबल गुंडाळून ठेवण्यात अर्थ नाही. रेकॉर्डिंगसाठी रीपर नावाचं सॉफ्टवेअर वापरलं. ते साठ दिवस वापरून पाहता येतं आणि घरगुती परवाना साठ डॉलरचा आहे. डॉलरमध्ये पैसे भरताना कार्ड दोनदा नाकारलं गेलं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये 'आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार' वेगळे चालू करावे लागतात, शिवाय चलन बदलाचं शुल्क आणि त्यावर जीएसटी लागतो. व्यवहार झाला की ते बटण परत बंद केलेलं बरं.

सगळं जोडून हेडफोन लावले आणि पहिला मोकळा ए वाजवला. फार वाईट वाटलं. अ‍ॅम्प आपल्याला किती सांभाळून घेतो ते तेव्हा कळतं. बासच्या कॅबिनेटचा मोठा स्पीकर साधारण चार-पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं बाहेर सोडतच नाही. त्यामुळे तार फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) आपटल्याचा खणखणाट, डावा हात सरकल्याची चरचर, बोट पिकअपच्या धातूला लागल्याची टकटक हे सगळं स्टेजवर आपोआप झाकलं जातं. थेट जोडणीत झाकणारं कुणी नसतं. त्या रात्री मी मित्राला "दुसरा कुणीतरी बघ" असा मेसेज टाइप केला होता. पाठवला नाही, कारण तेवढ्यात लक्षात आलं की ऐकू येतंय ते सगळं आधीपासून होतंच. मला ते दिसायला लागलंय आता.

म्हणून प्लगइन शोधत बसण्याआधी वाद्याकडे वळले. जुलैत पुण्यात हवेत दमटपणा असतो आणि लाकडी मान थोडी हलते. माझ्या बासच्या मानेला बाक जास्त आला होता, बाराव्या फ्रेटच्या वर सूर चढे लागत होते. पेठेतल्या एका दुरुस्ती करणाऱ्याकडे सेटअपला, म्हणजे मान आणि तारा नीट जुळवून घ्यायला, दिला. मजुरी बाराशे, पण पावसाळ्यात त्याच्याकडे सगळ्यांचीच वाद्यं येतात, त्यामुळे आठवडाभराचा वायदा पंधरवड्यावर गेला. तुम्हाला तारीख गाठायची असेल तर सेटअप सगळ्यात आधी करून घ्या. तारांबद्दल त्याने विचारलं, "राउंडवाउंड की फ्लॅटवाउंड?" म्हणजे गोल वेढ्यांच्या की चपट्या वेढ्यांच्या. नव्या कोऱ्या राउंडवाउंड तारा थेट जोडणीत फार चमकतात. भावगीताच्या अंगाने जाणाऱ्या या चालींना ती चमक शोभणार नव्हती. फ्लॅटवाउंड सेट साडेचार हजारांच्या पुढे. शेवटी माझ्याच तीन-चार महिने वाजलेल्या तारा पुसून ठेवल्या. जुन्या तारा हा रेकॉर्डिंगमधला सगळ्यात स्वस्त इक्वलायझर आहे, फक्त त्या सुरात राहत असल्या पाहिजेत.

बास परत आला आणि खरी लढाई सुरू झाली ती घुमेची. वाजवत नसताना मागे सतत 'हूंऽऽ' आणि त्यावर एक बारीक 'झर्रर्र'. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे हूं ५० वर, आणि त्याच्या पटीत १००, १५० वर. आता बासच्या जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटचा 'जी' सूर ४९ हर्ट्झचा असतो. म्हणजे गिटारवाला जसा खालचं सगळं फिल्टरने कापून मोकळा होतो तसं बासवाल्याला करता येत नाही. घूम कापायला जावं तर आपलाच सूर कापला जातो. चारपैकी दोन गाणी 'जी' पट्टीत होती. त्यामुळे घूम मुळातच बंद करण्याशिवाय इलाज नव्हता.

मी एकेक वस्तू बंद करत गेले. पंखा बंद केला तशी झर्रर्र बरीच गेली. पण दोष पंख्याचा नव्हता, रेग्युलेटरचा होता. गोल फिरणारा, सलग वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लहर मधेच कापतो आणि त्याचा कचरा पिकअप हवेतून उचलतो. पूर्ण वेगावर ठेवला तर त्रास बराच कमी. नंतर तो काढून पायऱ्यांचा, म्हणजे एक-दोन-तीन-चार असे टप्पे असलेला बसवला, तीनशे रुपयांत. टेबलावरच्या एका स्वस्त एलईडी दिव्याचाही हात होता, तो दुसऱ्या खोलीत गेला.

मग लॅपटॉपचा चार्जर. काढला की आवाज कमी, लावला की जास्त. त्यातही तारांना हात लावला की आवाज निम्म्यावर यायचा. याचं एक कारण असं असू शकतं की बासचं अर्थिंग, म्हणजे विजेची जोडणी, पुढे जमिनीपर्यंत पोचतच नाहीये, आणि त्या क्षणी तुमचं अंगच त्याची जागा भरून काढतंय. बॅटरीवर रेकॉर्डिंग करणं हा तात्पुरता उपाय मी सगळ्यांना सांगेन. माझा लॅपटॉप दोन तास चालतो, तेवढ्यात एका गाण्याचं काम होतं. पण कायमचं काही करायचं म्हणून इलेक्ट्रिशियन काकांना बोलावलं. त्यांनी मीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, ठीक. फेज आणि अर्थमध्येही तेवढेच यायला हवेत, तिथे काटा भलतंच काही दाखवत होता. प्लेट उघडली. "मॅडम, तिसरी पिन आहे, पण मागे वायरच नाही." इमारत जुनी, मधल्या काळात कुणीतरी त्या खोलीचं वायरिंग बदललेलं, अर्थची वायर जोडायचीच राहिली. त्यांनी बोर्डापासून नवी वायर ओढली. वायर आणि मजुरी मिळून अठराशे रुपये आणि अर्धा रविवार. सोसायटीच्या मुख्य बोर्डाला हात लावायचा असल्याने सेक्रेटरींना अर्ज द्यावा लागला: कामाचं स्वरूप, इलेक्ट्रिशियनचा परवाना क्रमांक, कामाची वेळ. आवाजासाठी नाही, विजेच्या सुरक्षिततेसाठी अर्ज आहे म्हटल्यावर सही लगेच मिळाली.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगते. घूम घालवायला प्लगची अर्थ पिन काढून टाका, असा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देईल. घूम कदाचित जाईलही. पण उपकरणात बिघाड झाला तर तो करंट तारांतून तुमच्या हातात येईल. दोन उपकरणांच्या अर्थमुळे चक्र तयार होऊन घूम येत असेल तर डीआय बॉक्सवर 'ग्राउंड लिफ्ट' बटण असतं, ते त्यासाठीच आहे. भिंतीतल्या अर्थशी खेळू नका.

अर्थिंग झाल्यावर घूम नव्वद टक्के गेली. उरलेली वाद्याच्या रचनेतली होती. माझा बास जॅझ पद्धतीचा, दोन सिंगल-कॉइल पिकअपचा. दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पूर्ण उघडे असले की एकमेकांची घूम खातात. एक जरा कमी केला की ती परत येते. तीन गाण्यांत दोन्ही पूर्ण ठेवले. चौथ्याला फक्त ब्रिजकडच्या (तारांच्या खालच्या टोकाकडच्या) पिकअपचा नाकातला आवाज हवा होता. तिथे खुर्ची फिरवत फिरवत घूम सगळ्यात कमी कुठे येते ते शोधलं, आणि भिंतीकडे तोंड करून, लॅपटॉपच्या पडद्याला पाठ देऊन वाजवलं. प्रिसिजन पद्धतीचा दुभागलेला पिकअप असलेल्यांना हा व्याप नाही.

गुरुवारी सकाळी देखभालीसाठी वीज जायची, तेव्हा इन्व्हर्टरवर काम करून पाहिलं. आमचा इन्व्हर्टर जुन्या, चौकोनी लहरीचा. त्यावर असा काही कर्कश आवाज आला की हेडफोन काढून ठेवले. साइन वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर गोष्ट वेगळी.

ऑगस्टमध्ये प्रत्यक्ष वाजवायला बसले. पहिला प्रश्न लेटन्सीचा: तार छेडल्यापासून हेडफोनमध्ये ऐकू येईपर्यंतचा उशीर. सॉफ्टवेअरमधला बफर (आवाज ज्या तुकड्यातुकड्याने पुढे जातो तो तुकडा) १२८ सँपलचा आणि दर ४८ किलोहर्ट्झ असेल तर तो एक बफर पावणेतीन मिलिसेकंदांचा होतो. आत येताना, बाहेर जाताना आणि ड्रायव्हरचा मिळून एकूण उशीर त्याच्या दुप्पट-तिप्पट. एवढं चालतं. २५६ वर मला बोटं चिखलात रुतल्याचा भास व्हायला लागला आणि मी नकळत क्लिकच्या (तालाच्या टिकटिकीच्या) पुढे पळायला लागले. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (उशीर कमी ठेवणारा) टाका. लॅपटॉप कुरकुरत असेल तर प्लगइन बंद करून इंटरफेसवरचं 'डायरेक्ट मॉनिटर' दाबा. आवाज कोरडा येतो, पण उशीर शून्य. मी शेवटी सगळं काम त्यावरच केलं. कोरड्या आवाजात वाजवायची सवय व्हायला आठवडा गेला, पण त्या आठवड्यात हात जितका स्वच्छ झाला तितका मागच्या कित्येक वर्षांत झाला नव्हता.

लेव्हल ठेवताना जोरात वाजवलेला सूर उणे बारा डेसिबलच्या आसपास थांबेल एवढाच गेन (इनपुटची पातळी) दिला. २४ बिटमध्ये खाली भरपूर जागा असते, मीटर वरपर्यंत भरायची गरज नाही. लाल दिवा एकदा लागला की तो सूर गेला. गेन लावताना गाण्यातला सगळ्यात जोरकस भाग वाजवून बघा, कारण खऱ्या टेकमध्ये आपण नेहमी त्याहून जोरात वाजवतो. ज्यांच्या बासमध्ये बॅटरी आहे त्यांनी आणखी सावध राहावं, आणि कामाआधी नवी बॅटरी घालावी.

थेट जोडणीची खरी मजा ऑगस्टमध्ये कळली. गणपती ७ सप्टेंबरला होते, आणि महिनाभर आधीपासून रोज संध्याकाळी जवळच्या मैदानावर ढोल-ताशा पथकाचा सराव. खिडक्यांची तावदानं थरथरत होती. घरात कुकर, शेजारी ड्रिल, दारात कुरिअरवाला. ट्रॅकवर यातलं काहीच नाही, कारण खोलीतला आवाज ऐकायला माइकच नाही. मला ढोलामुळे क्लिक ऐकू येईना, हा प्रश्न वेगळा. त्यासाठी कानात घट्ट बसणारे इअरफोन आणि त्यावर मोठे हेडफोन असा अवतार केला. मोबाइल मात्र खोलीबाहेर ठेवा. नेटवर्क शोधताना तो जवळ असला तर पिकअपमधून टिर-टिर येऊ शकते.

प्रत्येक गाण्याचे काही सलग टेक घ्यायचे, मग कडव्याकडव्याने चांगलं निवडून जोडायचं, अशी पद्धत ठेवली. जोडताना सूर सुरू होण्याच्या अगदी आधी कापायचं आणि दोन्ही तुकड्यांमध्ये छोटासा क्रॉसफेड (एक विरताना दुसरा उमटेल असा जोड) द्यायचा, नाहीतर टिचकी ऐकू येते. आणखी एक: टेकच्या मधे ट्यूनर. पावसाळ्यात माझी खालची तार दर अर्ध्या तासाला उतरत होती, आणि एकट्याने ऐकताना ते लक्षात येत नाही. हार्मोनियमसारख्या स्थिर सुराच्या वाद्याबरोबर लागलीच खटकतं.

टोनचा प्रश्न मी सगळ्यात शेवटी हातात घेतला आणि तोच क्रम बरोबर आहे असं मला वाटतं. मूळ कोरडा ट्रॅक तसाच राहू दिला. त्याची एक प्रत काढून तिच्यावर चारच गोष्टी केल्या: पाच हजार हर्ट्झच्या वरचं कापलं, तीस हर्ट्झच्या खालची थरथर कापली, हलका कम्प्रेसर (मोठे-लहान सूर सारखे करणारा) आणि किंचित सॅच्युरेशन (आवाजाला थोडी खरखर). पहिल्या कापण्यानेच स्पीकर कॅबिनेटचं अर्धं काम झालं. मोठ्या अ‍ॅम्पची नक्कल करणारे प्लगइनही लावून पाहिले. १९६९ चा अ‍ॅम्पेग एसव्हीटी नावाचा तो प्रसिद्ध ३०० वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प आणि दहा इंची आठ स्पीकरचं कॅबिनेट यांच्या नकला फुकटसुद्धा मिळतात, 'न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर' तर मुक्तस्रोत आहे. एकटा बास ऐकला की ते फार भारदस्त वाटतं. तबल्याच्या डग्ग्याबरोबर लावलं की दोघं एकाच जागेसाठी भांडतात. तबला असलेल्या गाण्यात बासने जरा दुबळं ऐकू येणंच बरं. एकट्या वाद्याचा आवाज ऐकून टोन ठरवणं म्हणजे पूर्ण वेळ वाया. बाकीचं गाणं चालू ठेवूनच नॉब फिरवा.

तिसऱ्या गाण्यासाठी मित्राने थोडी इलेक्ट्रिक गिटारही मागितली. ती माझ्या भाच्याने वाजवली, त्याच इंटरफेसमधून. तिथे फरक कळला. स्वच्छ, टिपटिपती गिटार थेट जोडणीत छान लागते. पण जरा जरी डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटवलेला आवाज) घेतलं की कॅबिनेटच्या नकलेशिवाय ऐकवत नाही. वरचा सगळा करकराट उघडा पडतो. तेव्हा कॅबिनेटचा आयआर, म्हणजे खऱ्या स्पीकरच्या प्रतिसादाची फाइल, साखळीत सगळ्यात शेवटी लावायचीच. आणि गिटारवाल्याला वाजवताना तोच आवाज कानात लागतो, कोरड्या आवाजावर त्याचा हात चालत नाही, कारण सूर किती लांबेल हे डिस्टॉर्शनवर ठरतं. त्यासाठी बफर ६४ वर आणला आणि बाकी सगळे प्लगइन बंद ठेवले.

विसर्जन १७ सप्टेंबरला झालं, त्यानंतरच्या आठवड्यात फाइली पाठवल्या. मिक्स करणारा इंजिनीअर मुंबईत. त्याने आधीच एक पानभर सूचना दिल्या होत्या आणि त्या पाळल्या तर दोन्हीकडचा वेळ वाचतो: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो वेव्ह फाइल, प्रत्येक फाइल गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू, कोरडी आणि प्रक्रिया केलेली अशा दोन्ही, नावात गाणं, वाद्य, टेम्पो. मोनो फाइल मिनिटाला साधारण साडेआठ एमबी होते, म्हणजे चार मिनिटांचं गाणं पस्तीसच्या आत. ड्राइव्हवर टाकून लिंक उघडी असल्याची दुसऱ्या खात्यातून खात्री केली. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस म्हणून कधीही पाठवू नका, आवाज दाबला जातो.

दहा दिवस काही उत्तर नाही. त्या काळात मी त्या फाइली घरातल्या प्रत्येक स्पीकरवर ऐकल्या आणि प्रत्येक वेळी वेगळं वाईट वाटलं. मग त्याचा फोन आला. तीन गाणी ठीक. दुसऱ्या गाण्यात कडव्यानंतरचे लांब सूर त्याला लवकर संपलेले हवे होते, कारण तिथे बासरी येणार होती जी मी ऐकलेलीच नव्हती. एका संध्याकाळीत ते परत वाजवलं. गेन, नॉब आणि खुर्चीची दिशा यांचे फोटो मी आधीच काढून ठेवले होते, त्यामुळे नवा तुकडा जुन्यात मिसळला. हे फोटो जरूर काढा. माझी प्रक्रिया केलेली प्रत त्याने कुठल्याच गाण्यात वापरली नाही. सगळीकडे कोरडी घेतली. चौथ्या गाण्याचा ट्रॅक तर त्याने रीअ‍ॅम्प बॉक्समधून स्टुडिओतल्या खऱ्या अ‍ॅम्पला दिला आणि माइक लावून परत रेकॉर्ड केला. माझ्या हाताचं वाजवणं, अ‍ॅम्प मुंबईत, आणि सोसायटीत चिडीचूप.

मग कागद. निर्मात्याला करारपत्र हवं होतं. ऑक्टोबरच्या मध्यापासून महाराष्ट्रात अशा कागदांना शंभरऐवजी पाचशेचा मुद्रांक लागू झाला, आणि आमचा करार नेमका त्यानंतरचा. मसुद्यात "सर्व हक्क कायमचे हस्तांतरित" अशी ओळ होती. वादकांनी ती ओळ सावकाश वाचावी. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्या कलाकाराचे स्वतःचे हक्क मान्य केलेले आहेत, व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीसकट. मी ओळखीच्या वकिलाला दाखवून तिथे "कायद्याने कलाकाराला असलेले हक्क वगळून" एवढे शब्द घालायला सांगितले. खळखळ न करता घातले. श्रेयनामावलीत नाव बासवादक म्हणून येईल हेही लिहून घेतलं.

बिलावर नाव, पत्ता, पॅन, खात्याचा तपशील, कामाचं वर्णन, "जीएसटी लागू नाही", तारीख आणि सही. सोबत रद्द केलेला चेक. माझी रक्कम वर्षाला तीस हजारांच्या आत होती, त्या वेळच्या मर्यादेखाली, म्हणून टीडीएस कापला गेला नाही. बिल नोव्हेंबरमध्ये दिलं. पैसे जानेवारीत आले, त्याआधी दोनदा नम्र आठवण करून द्यावी लागली. हिशेब लिहून ठेवला आहे: इंटरफेस, केबल, रीपर, सेटअप, रेग्युलेटर, अर्थिंग मिळून बावीस-तेवीस हजार. मानधनातून निम्मेही सुटले नाहीत. अर्थिंग मात्र कधीतरी करायलाच हवं होतं, त्याच बोर्डावर आमचा गीझर आहे.